खोल गळा

भाच्यानं मोबाईलवर हमिंगबर्ड दाखवला.
हवेत एका जागी उभा, पंख दिसतच नाहीत,
मशीन जोरात असली की सुई दिसत नाही तसे.
म्हटलं, हा आपल्या सेलूत येईल?
हसला. म्हणाला, आत्या, आपल्याकडं शिंजीर.

मग मुनीरभाईची नर्सरी गाठली, रुळांच्या पलीकडं.
टेप गळ्यातच राहिलेली.
त्यांनी आधी काढला डबल जास्वंद, कुंडीसकट दीडशे.
झालरीवर झालर, झालरीवर झालर.
बोट घालून पाहिलं, आत वाटच नाही.
भाई, याला गळा कुठंय?
पाखरानं तोंड कुठून घालायचं?

चोच असते दाभणासारखी, टोकाशी वाकलेली.
तिला पाहिजे अरुंद अन् खोल.
चाळीस वर्षं दुसरं काय शिवलं मी.

एकेरी जास्वंद घेतला, जीभ बाहेर काढलेला.
हमेलियाची नारिंगी नळी टेपवर धरली :
पाऊण इंच. बसतंय.
अडुळसा त्यांनी फुकट दिला,
कुंपणाचं झाड, याला कोण पैसे मागतं?

नळ आठव्या दिवशी.
झाडांना भांड्याचं पाणी, तांदळाचं धुवण,
चैत्रात तर इस्त्रीच्या बाटलीतलंसुद्धा.
जास्वंद रुसला, पानं टाकून बसला.
अडुळशानं काही मागितलं नाही.

दोन वर्षं कुणी फिरकलं नाही.
खोटं कशाला, एकदा आला होता,
समोरच्या पडीक प्लॉटातल्या रुईवर,
माझ्याकडं पाठ करून.

अन् या फाल्गुनात
अडुळशाच्या पांढऱ्या जबड्यात डोकं घालून
जांभळा, काळा, परत जांभळा,
लग्नसराईतलं साटीनच.

मादीनं खोपा केला केबलच्या वायरीवर.
कोळिष्टकं, कागदाचे कपटे, वाळकी सालं,
अन् पाटोळेबाईंच्या ब्लाउजचा मोरपंखी दोरा.
भोक बाजूला,
भोकावर इवलीशी झालर.
झालर!
मी काहीच बोलले नाही.

केबलवाला वायर बदलायला आला.
म्हटलं, महिनाभरानं ये, टीव्ही राहू दे बंद.
तो वर बघत म्हणाला, काय ठेवलंय तिथं?
उधारीचं काम, म्हटलं.

भादव्यात हमेलियावर एक मळकट पाखरू.
चमक सगळी उतरलेली,
छातीवरून खाली एकच काळी पट्टी.
शर्ट विटला तरी बटणपट्टी टिकते.
तेवढ्यावरून ओळखला.