अडीच फूट, कमी नको

"दिवा लागतो, पंखा घोंघावतो, ताट गरगरतं,
पण दूध जसं ठेवलं तसं गार बाहेर येतंय,"
कुसुमावती मगदूमबाईंनी दाराशीच सांगून टाकलं.

मारुती चौकामागच्या बोळात, तळमजल्यावर,
गॅसच्या डोक्यावर टांगलेला मायक्रोवेव्ह.
खाली शेगडी, वर हा, पोटात धूर ओढायचा पंखा.
अख्ख्या सांगलीत असा मी या एकाच घरी बघितलाय.

आधी जाळी उतरवली.
फोडणीची वर्षं तिच्यात चिकट होऊन बसलेली,
वर हळदीचा पिवळा थर.
कढत पाण्यात सोडा टाकून बुडवली,
आणि बाईंना म्हटलं, महिन्याला एकदा एवढं करा,
नाहीतर पंखा बिचारा तोंड दाबल्यासारखा ओरडतो.

तो खाली घ्यायला दोघं लागतात.
मी बोल्ट सोडले, भरमूनं खालून खांदा दिला.
ओट्यावर ठेवून प्लग बाजूला केला, तरी आत हात घातला नाही.
बाबा रेडिओ दुरुस्त करायचे,
त्यांचं एकच वाक्य मला धंद्यात पुरलंय:
बंद केलं म्हणजे रिकामं झालं, असं नाही.
कपॅसिटरच्या दोन टोकांना जाड मुठीचा स्क्रूड्रायव्हर टेकवला.
टक्.
भरमू दोन पावलं मागे.

डायोड गेला होता. बोटाच्या पेराएवढा.
कोल्हापूरच्या एसटीनं दुसऱ्या दिवशी पार्सल येणार,
तोवर उघडी पडलेली भिंत बघत बसलो.
सगळं स्वयंपाकघर पुरानंतर रंगवलेलं, पांढरं,
फक्त या चौकोनात जुना पिस्ता रंग,
आणि त्यावर पेन्सिलीची बारीक रेघ,
बाण खाली शेगडीकडे:
"बर्नरपासून अडीच फूट. कमी नको."

"यांचं अक्षर," बाई म्हणाल्या.
"पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे.
मी भांडले होते, हात पुरत न्हाई म्हणून.
त्या रात्री बोट आली तेव्हा पाटावर चढून
घराची कागदं, रेशनकार्ड, यांचा चष्मा
सगळं त्याच्या पोटात कोंबलं आणि दार दाबलं."
"माळ्यावर का नाही ठेवलं?"
"माळ्यावर उंदरं. आणि शिडी तर तरंगायला लागली हुती."

पाणी चार बोटं खाली थांबलं.
फ्रीज गेला, मिक्सर गेला, धान्याच्या कोठ्या कुजल्या.
मी म्हटलं, साहेबांना पाण्याचा अंदाज होता म्हणायचा.
"छे गं," बाई म्हणाल्या,
"जाळाचा हिशेब हुता त्यो. पाण्याचा कुणाला येतोय."

दुसऱ्या दिवशी डायोड बसला.
उचलायच्या आधी बाईंनी रेघेवर बोट ठेवलं.
"हे परत झाकायचंच का?"
"झाकावंच लागेल, भोकं तिथंच आहेत."
त्यांनी मान हलवली, बोट काढायला थोडा वेळ घेतला.

मग सांगायचं ते सांगितलं:
सोनेरी काठाचा कप नको, स्टीलची वाटी नको,
रिकामा कधी चालवू नका,
दार आपटू नका, त्यात बारीक स्विच असतात.
त्यांनी काचेचा पेला आणला, नळाखाली अर्धा भरला.
एक मिनिट. ताट फिरलं.
आतल्या पिवळ्या उजेडात पाणी आधी नुसतंच पाणी होतं,
मग कडेला बुडबुडे आले.

चहा टाकतील म्हणून मी पावडरचा डबा पुढे सरकवला.
त्यांनी नुसतंच प्यायलं ते, फुंकर घालून,
ओट्याला टेकून, आमच्याकडे पाठ करून.

डायोडचे एकशेवीस, भरमूची हमाली, माझी फेरी.
पैसे मोजताना भरमू वर बघत म्हणाला,
"ताई, जाळी उलटी बसलीय."