प्रमाण : १ सेंमी = १ हाक

पाचवी ब. परिसर अभ्यास. आजचा पाठ, नकाशा.
फळ्यावर मी बाण काढला, वर उत्तर लिहिलं
आणि सूची दिली, पुस्तकात आहे तशीच :
दवाखान्याला अधिकचं चिन्ह, पोस्टाला पाकीट,
नदीला निळी रेघ, रस्त्याला तांबडी.
गृहपाठ : घर ते शाळा. प्रमाण लिहायला विसरू नका.

एक्केचाळीस पोरं, चाळीस वह्या.
मल्लेश म्हणाला, उद्या.

मधल्या सुट्टीत भेंडीचा हात पुसून
लाल पेन घेतलं.

इकरा बागवानच्या नकाशात कालवा आहे,
कालव्यावर पूल, पुलावर तीन कुत्री,
त्यातल्या एकाला दात.
सूचीत लिहिलंय : दातवालं चावतं.
आणि खाली, मी दोनदा वाचलं,
प्रमाण : १ सेंमी = १ हाक.
लाल गोल केला. मग बोलावून विचारलं, म्हणजे काय गं?
म्हणाली, सर, अम्मीची हाक इथवर येते.
इथून पुढं फूफीची लागते.
पुलापलीकडं कुणाचीच नाही.
तिथं पळायचं.

रेवण ओव्हाळनं पर्वतीच्या उतारावर
उत्तरेच्या जागी 'वर' लिहिलंय, दक्षिणेला 'खाली'.
खाली पाणी पहाटे चारला, वर साडेपाचला, आलं तर.
रिकाम्या हंड्याचं चिन्ह वेगळं, भरलेल्याचं वेगळं.
पुस्तकात टाकीला एकच चौकोन आहे.

धनश्री शेलारनं रस्ते दोन काढलेत,
सकाळचा सरळ,
संध्याकाळचा टपरीला वळसा घालून.
टपरीला चिन्ह नाही. खोडरबरनं घासघासून
तिथं कागद पातळ झालाय.
मी तिला काही विचारलं नाही.
शाळा सुटल्यावर त्या टपरीशी जाऊन उभा राहिलो,
चहा न घेता, नुसता.
आता रोज राहतो.

बुधवारी टिळेकर साहेब आले, केंद्रप्रमुख.
वह्या चाळल्या. म्हणाले, वाघचौरे,
तुमच्या पोरांना अजून उत्तर सापडत नाही.
म्हटलं, हो साहेब.
म्हणाले, उद्याचे नागरिक आहेत हे.
म्हटलं, हो.
क्रीमरोल बरा होता.

त्या रात्री धायरीत मीच काढायला बसलो.
फ्लॅट तीनशे चार. लिफ्ट. पार्किंग. स्कूटर.
तिथून एक तांबडी रेघ सिंहगड रस्त्यानं
थेट शाळेच्या फाटकापर्यंत.
मधे काही नाही.
अकरा वर्षं जातोय, आणि सूचीत घालायला
एक चिन्ह मिळेना.
शेजारचं तीनशे पाच. त्यांचं आडनाव
मी दार उघडून, पाटी वाचून आलो.

मल्लेशची वही सगळ्यांच्या शेवटी आली.
यादगीरकडचा. बाप सेंट्रिंगवर.
पानभर एकच इमारत, चौदा मजले,
मजल्यामजल्यावर स्लॅबची तारीख.
अकराव्यावर लिहिलंय, इथं आई पडली नाही.
चौदाव्यावर, इथून शाळा दिसते.
शाळा म्हणजे एक ठिपका. ठिपक्याला दोन हात.
अरे, पण घर कुठंय?
खाली होतं सर, म्हणाला. आता तिथं गाड्या लागणार.

मार्क दहापैकी द्यायचे असतात.
मी अजून दिलेले नाहीत.

सोमवारपासून तो येत नाही.
कुणी म्हणतं वाकडला गेले, कुणी बावधनला.
फळ्यावरच्या सूचीत मी भर घातली :
हाक. भरलेला हंडा. चावणारं कुत्रं.
इकरानं विचारलं, सर, गेलेल्या पोराचं चिन्ह काय?
मी खडू धरून उभा.
मग सगळी एकदम सुरू झाली,
ठिपका सर, नाही सर, शिडी, सर चप्पल,
रेवण उठून थेट फळ्याशीच आला,
आणि घंटा झाली. गणिताच्या बाई दारात, हातात डस्टर.

बाई, म्हटलं, तेवढा कोपरा राहू द्या.
अजून ठरायचंय.