तीन हर्ट्झ

रविवारी एसी बंद, दार बंद.
मुबीनला सांगून ठेवलंय,
शिंक आली तर जिन्यात जा.

रुपयाएवढी स्फटिकाची चकती,
दोन्ही अंगांना सोन्याचा पातळ वर्ख.
सेकंदाला पन्नास लाख वेळा शहारते
आणि दिसते मात्र निवांत,
निळ्या मोरचुदात बुडालेली.
(दिंडोरीला द्राक्षांवर फवारतात, तोच. जरा शुद्ध.)

मी विजेचा दाब खाली आणते.
तांबं सोन्यावर बसू लागतं.
पडद्यावरचा आकडा उतरतो :
एक हर्ट्झ म्हणजे अठरा नॅनोग्रॅम.
नखातल्या मळाला
त्यापुढे पोतं म्हणावं लागेल.

मग दाब उलटा.
आलं तसं जा, म्हणते मी तांब्याला.
आकडा चढतो, चढतो,
आणि मुक्कामाच्या अलीकडे थांबतो.
तीन हर्ट्झ कमी.

धुतलं. नवा द्राव केला. पुन्हा तीन.
भामरे सर फोनवर म्हणाले, बुडबुडा असेल,
पूर्णांकात धर आणि पुढे चल.

आज अण्णा आलेत डबा घेऊन,
तांबट लेनमधून, चालत.
चाळीस वर्षं हंडे ठोकले त्यांनी.
एक टोला मारून सांगायचे
पत्रा कुठे जाड राहिलाय.
त्याच टोल्यांनी दोन्ही कान नेले.

टेबलावर तळवा ठेवून उभे राहिले.
"वाजतंय?"
बोटांनी दाखवलं, मग कागदावर लिहिलं :
पन्नास लाख. कुणालाच ऐकू येत नाही.
हसले. "म्हणजे तूही बहिरी.
मला साठी लागली, तुला तिशीतच जमलं."

तीन हर्ट्झचंही लिहून दाखवलं.
कागद लांब धरून वाचला.
"आमच्यात घट धरायचे.
भट्टीत थोडं जातं, घासताना थोडं जातं,
गिऱ्हाईकही कुरकुरत नसे.
पण तुझं तर गेलं नाही. उरलं."
जरा वेळ चकतीकडे बघत राहिले.
"उरलेल्याला आमच्यात शब्द नाही गं."

डबा उघडताना त्यांचे हात पाहिले.
दुकान विकून सहा वर्षं झाली,
रेषांमधला हिरवट काळा
अजून तिथेच.

मुबीनने वहीत लिहिलं होतं : कारण अज्ञात.
मी खाली आकडा लिहिला, शाईने,
दशांशासकट.
पिठल्यात आज मीठ जास्त पडलं होतं.
त्यांना सांगितलं नाही.