तात्पुरतं

बहात्तर पायऱ्या. मधोमध झिजून
दगडाच्या बशा झालेल्या.
एका खांद्याला मीटरची पेटी, आणि गुडघे
हल्ली दुसऱ्याच कुणाचे तरी.
लीथमधल्या सगळ्या जुन्या इमारती
वीज वरच्या मजल्यावरच का आजारी पाडतात, कोण जाणे.
दारावर तीन नावं खोडलेली, चौथं पेनानं:
लेतेब्रहान.

मुलानं माझं ओळखपत्र मोठ्यानं वाचलं,
आर्चिबाल्ड गिलफिलन, आणि हसला.
ती म्हणाली, बूट.
म्हटलं, बाई, हे रबरी तळवे म्हणजे माझा विमा.
मग तिनं माझ्यापुढं वर्तमानपत्र अंथरलं,
एकेक पान पुढं सरकवत,
खोलीतून खोलीत.

मेन स्विच खाली ओढला.
आधी फ्रिजनं श्वास सोडला,
मग बॉयलरचं घड्याळ गेलं.
मग ऐकू आला भिंतीपलीकडचा खोकला
आणि खाली गोदीत
कुणीतरी ओढत असलेली साखळी.
तारेत पाचशे व्होल्ट सोडून थांबलो.
किमान एक यायला हवा होता.
आला शून्य पूर्णांक शून्य चार.

मुलगा म्हणाला, आई मोठा तवा लावते ना,
तेव्हा आमचं घर डोळे मिचकावतं.
तवा पाहिला मी. परातीएवढा, विजेवरचा,
अस्मारातून सुटकेसमध्ये कपडे न भरता आणलेला.
पीठ तीन दिवस आंबतं, ती म्हणाली.
झाकण उघडून वास दिला,
जणू तोही तपासणीत येतो.

पॅसेजमधली फळी उचकटली.
काजळी. एक काचेची गोटी. उंदरानं कुरतडलेलं ट्रामचं तिकीट.
रबराची तार, बोट लावलं की
चहात विसरलेल्या बिस्किटासारखी सुटणारी.
दोन टोकं नुसती पिळून काळ्या पट्टीत गुंडाळलेली,
पट्टी भाजून तपकिरी.
आणि फळीच्या पाठीवर, सुताराच्या जाड पेन्सिलीनं:
तात्पुरतं. सोमवारी येतो. डब्ल्यू. टी.
१७ नोव्हेंबर १९६१.

काय झालं असेल त्या सोमवारी?
ताप आला? दुसरीकडं दोन पौंड जास्त मिळाले?
की विसरला, माणसं विसरतात तसा,
शुक्रवारच्या संध्याकाळी, दुसऱ्या ग्लासाशी.
शिव्या देणार होतो.
पण माझेही असे सोमवार आहेत,
या शहरात, लोकांच्या पायाखाली.
निदान त्यानं लिहून तरी ठेवलं.

मुलगा आत गेल्यावर ती म्हणाली, लिहू नका.
लिहिलंत तर तो घर विकायला काढेल.
खालच्या मजल्यावर तसंच झालं, आधी रंग दिला, मग पाटी लागली.
याची शाळा समोर आहे.
आम्ही तवा कमी लावू.
शनिवारीच लावू.

कागदाला रकाने ठरलेले.
सी-वन: धोका, आत्ता, या घटकेला.
सी-टू: होईल कधीतरी.
सी-थ्री: सुधारलं तर बरं.
शनिवारीच लावू, याला रकाना नाही.
शाळा समोर आहे, यालाही नाही.

सी-वन लिहिलं.
हात थरथरला असं सांगितलं तर बरं दिसेल;
नाही थरथरला.
जळलेली खोली एकदा पाहिली आहे मी,
त्यात चिकटपट्टीचा हाच तपकिरी रंग होता.
ती काही बोलली नाही.
वाकून पानं गोळा करू लागली,
मी चाललो होतो त्याच क्रमानं.

दाराशी आलो, आणि
सोमवारी येतो, असं तोंडात आलं.
अगदी ओठापर्यंत.
जीभ चावली.
विचारलं, आज किती वाजेपर्यंत जाग्या असता?

व्हॅनमध्ये नव्या केबलचं अर्धं वेटोळं असेल,
तव्याला जाड तार लागेल, पुरेल बहुतेक.
घरमालकाला बिल कसं लावायचं ते उद्या बघू.
फळी उघडीच ठेवली आहे.
बहात्तर खाली.
बहात्तर वर.