चिठ्ठीवरचा आकडा

शुक्रवारी रात्री स्वयंपाकघरात चिठ्ठ्या लिहायला बसले.
खाडीवरून वारा सुटलेला, लॉर्न बातम्यांसमोर घोरतोय,
आणि गरम भांडी उचलायच्या चाळीस चौकोनी गाद्या
परीक्षेला बसलेल्या पोरांसारख्या समोर गप्प.

सुरुवातीला हिशेब सोपा असतो.
सुती कापड, दीड डॉलर.
आतला धग अडवणारा थर, पंच्याहत्तर सेंट.
दोरा कोण मोजतं?
मी मोजते. दहा सेंट.
कडेची पट्टी तिरकी कापताना जे वाया जातं
ते कुणाच्या खात्यावर मांडायचं, हे अजून ठरलं नाही.

मग वेळ.
एका गादीला पन्नास मिनिटं,
घाई केली तर चाळीस, आणि उसवायला वीस.
ब्रिजवॉटरच्या दुकानात गल्ल्यावरच्या पोरीला
तासाला पंधरा मिळतात, मिळावेतच.
तोच आकडा माझ्यापुढे लिहिला
आणि चोरी पकडल्यासारखा लगेच खोडला.
चौदा. खोडलं.
बारा. खोडलं.
नऊ.
नऊ म्हणजे कापड सुटलं, टेबलाचं भाडं सुटलं,
आणि मी साडेसहा डॉलर तासाने कामाला राहिले
माझ्याच घरी.

शनिवारी फायर हॉल.
लाल बंब दिवसभरासाठी बाहेर पावसात उभे,
आत ओल्या बुटांचा आणि माशांच्या सुपाचा वास.
सतरा नंबरचं टेबल माझं,
अठरावर एल्वा वेंट्झेल, वय ब्याऐंशी.
तिच्याही गाद्याच. कोपरे माझ्यापेक्षा नेटके.
पुठ्ठ्यावर जाड अक्षरात:
कुठलीही घ्या, पाच डॉलर.

हिरव्या रेनकोटातल्या बाईने माझी गादी उचलली,
उलटी केली (जाणकार नेहमी उलटी करतात),
"सुरेख गं," म्हणाली,
"हे तर मलाही जमेल,"
आणि अठरा नंबरकडे सरकली.
कर ना बाई. घरी जा आणि कर.

दुपारी सूप पिताना राहवलं नाही.
"एल्वा, पाचात कापडसुद्धा सुटत नाही.
तुझी पदरमोड, आणि माझा बाजार बसतो."
तिने चमचा खाली ठेवला.
"गेल्या वर्षी नऊच लावले होते.
चार वाजता सगळ्या पेटीत भरून
गाडीपर्यंत मीच नेल्या.
आठवडाभर वाकता आलं नाही.
पाच ही कापडाची किंमत नाही, बाळ.
कमरेची आहे."

मी सुपात पाव बुडवून बसले.
तो रकाना माझ्या हिशेबात नव्हता.

"पेटी मी उचलेन," शेवटी म्हटलं. "पुठ्ठा काढ."
तिने बराच वेळ पुठ्ठ्याकडे पाहिलं.
मग मागे वळवून त्यावर नऊ लिहिलं,
नऊचं शेपूट लांब, वळणदार, जुन्या शाळेतलं.

दोन वाजता हिरवा रेनकोट परत आला.
"मघाशी पाच होत्या ना?"
"मघाशी होत्या," एल्वा म्हणाली,
आणि टोपीवाल्या मुलाच्या सुट्ट्या पैशांकडे वळली.
बाईने नाक मुरडलं, दोन घेतल्या.
दोन्ही एल्वाच्या. कोपरे पाहून.

दिवसअखेर तिच्या अकरा गेल्या, माझ्या सहा.
मागे टांगलेल्या मोठ्या गोधडीला, साडेआठशेच्या,
तिघांनी हात लावला, एकाने विचारलं
आठवड्यात होते का अशी.
चौदा महिने, मी म्हटलं. तो हसला. मी नाही.

पावसात दोन पेट्या, बंबांच्या पलीकडे,
तिची आधी.
तिची जास्त जड होती, माझं चुकलं नव्हतं उचलताना.
एवढं असूनही तिने काचेतून ओरडून सांगितलं,
"सरळ पाठीने, सरळ पाठीने!"

घरी कोट काढताना खिशात ती चिठ्ठी सापडली,
पंधरा, चौदा, बारा, सगळे खोडलेले, खाली नऊ.
पुढच्या शनिवारी चेस्टरला बाजार आहे.
नऊवर काट मारली.
दहा लिहिलं.
लॉर्नने विचारलं, किती सुटले?
मी अजून दहाकडेच बघत होते,
खोडायला हात उठतो का म्हणून.