संदर्भसूची, चौथी दुरुस्ती

जर्नल म्हणतं, आधी आडनाव.
मग स्वल्पविराम, मग नावाचं एकच अक्षर,
त्याच्यामागे टिंब नको.
वर्ष कंसात. नियतकालिक तिरकं. खंड ठळक.
पानांच्या आकड्यांमधली रेघ
साध्या रेघेपेक्षा केसभर लांब,
आणि ती लांबी तपासणारा माणूस
या जगात कुठेतरी पगारावर आहे.

डिसेंबर, रात्रीचे साडेअकरा, गंगापूर रोड.
खिडकीची फट कालच्या पेपरानं बुजवलेली,
पायांत मोज्यांवर मोजे.
त्रेसष्ट संदर्भ. एकेचाळिसाव्यात
एका जर्मन बाईच्या आडनावावरची दोन टिंबं
कुणीतरी पुसून टाकलीत.
मीच असणार. परत देते.

इंग्रजी वर्णानुक्रमानं
सगळ्यात वर अहिरराव, एन (२०१९),
सगळ्यात खाली झाल्टे, एन (२००९).
दोन्ही मीच.
मधे एक लग्न आणि एकसष्ट परके.
सॉफ्टवेअरला वाटतं,
या बाईला त्या बाईचं काम आवडलेलं दिसतंय.
आवडलं होतं, खरंच.
रात्र-रात्र जागायची ती.

बाबांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो
तेव्हा उपाध्यांनीही आधी आडनावच विचारलं.
मग गाव.
मग लाल फडक्यातलं बाड सोडून
बॉलपेनातून शाईत, देवनागरीतून मोडीत
उलटे उलटे जात
आजोबांच्या नावावर बोट ठेवलं.
कुठून आले, कशासाठी, कुठली तिथी,
पुढे ‘व इतर मंडळी’.
त्या इतरांत आजोबांच्या दोघी बहिणी होत्या.
एवढंच आम्हाला ठाऊक,
बाडाला तेही नाही.
आमच्या जर्नलात ही सोय सातव्या नावापासून.

पण अडलंय ते चौदाव्यापाशी.
दुसऱ्या परीक्षकानं विचारलंय,
पानं सकाळी नऊच्या आतच का तपासली?
संदर्भ द्यावा.

संदर्भ आहे. मोहाडीला राहतो.
पहिल्याच हंगामात, मी अकरा वाजता
भिंग घेऊन बागेत उतरले तेव्हा
हातातली कात्री न थांबवता बोलला होता,
“उन्हं चढली का डावणी लपती, मॅडम.
दवात या. पान उलटं करा.
पांढरी लव दिसंल.”
मी वेळ बदलली, तक्ते बदलले.
आलेख तीन आणि चार
त्या वाक्यावर उभे आहेत.

जर्नल म्हणतं,
वैयक्तिक संवाद यादीत धरू नये.
मजकुरात कंसात चालेल,
लेखी संमती जोडावी.

एक इटालियन पेपर सापडलाय, १९९८चा.
जवळजवळ हेच सांगतो, फक्त साडेआठ म्हणतो.
खंड, अंक, पानं, सगळं चोख.
चौदाव्या जागेत असा बसतो
जशी साच्यात वडी.
कुणाला कळणार नाही.
परीक्षक खूश, मी झोपायला मोकळी.
कर्सर लुकलुकतो.
मी ती ओळ टाकते. काढते.
चहा करते. परत टाकते.

सकाळी फोन लावला. त्या बागेतच होत्या,
मागे कुणाचा तरी ट्रॅक्टर.
कुठं छापणार, किती पैसं लागत्यात,
हे विचारून झालं.
मग म्हणाल्या, सही देते,
पण आडनाव पुढं लावू नका.
“गांगुर्डे म्हटलं तर चाळीस घरं हायेत.
रंगूबाई म्हणा. समदे वळखत्यात.”

इटालियन राहू दिला. तोही खरंच बोलतो,
अर्ध्या तासाच्या फरकानं.
त्याच्या आधी कंसात लिहिलं:
रंगूबाई गांगुर्डे, मोहाडी, वैयक्तिक संवाद.

आणि संपादकांच्या पत्रात,
टिंबं, रेघा, खंड, सगळं मान्य केल्यावर
तळाशी एक ओळ:
पान सहा, ओळ १८७.
नावाचा क्रम चुकलेला नाही.