गुडघ्यामागची जागा

खसखशीच्या दाण्याएवढी होती ती.
गुडघ्याच्या मागे, कातडी जिथे सगळ्यात मऊ,
तोंड रुतवून बसलेली.
हेडविग म्हणाली, बघ रे, तीळ आहे का हा.
गोचीड आहे, म्हणालो. पण चिमटा
खाली होडीत राहिला होता,
जूनमध्ये आमच्या बेटावर रात्र होतच नाही,
आणि बिअर अजून संपायची होती.
सकाळी काढू.

सकाळी काढली. अख्खी, डोक्यासकट.
हे मी डॉक्टरला दोनदा सांगितलं,
तिने न विचारता.

अकरा वर्षांनी तिथेच, किंवा तिथून
चार बोटं वर
(माझ्या आठवणीवर माझाच भरवसा उरला नाही)
डाग उठला.
मधे जुन्या पियानोच्या पट्टीसारखा पिवळट,
कडेला जांभळी रेघ,
ब्लूबेरी खाल्लेल्या पोराच्या ओठांसारखी.
चिमटीत धरू म्हटलं तर धरवत नाही.
लव गेली. घाम गेला.
मेंढी कातरायला ती आता स्टूल घेते.

मारियेहाम्नच्या दवाखान्यात डॉक्टर नोर्डमननी
कातडीचा कण कापून बाटलीत टाकला.
काहींना त्या जिवाणूचा माग सापडला, म्हणाल्या,
काहींना शोधशोधून नाही.
आणि रक्तातली खूण? ती इथे
पोस्टमनच्या रक्तातही आहे. माझ्याही.
म्हणजे संबंध आहे?
असू शकतो.
म्हणजे नाही?

आमच्या भाषेत 'कदाचित' हा
दोन शब्दांचा सांधा आहे: होऊ, शकतं.
आयुष्यभर सहज वापरला,
सांधा कधी दिसला नव्हता.
त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर मी गुन्हेगार,
'नाही' म्हटलं असतं तर झोपलो असतो.

तीन आठवडे गोळ्या. मग मलम.
रोज संध्याकाळी अंगठ्याने दाबून बघतो,
कड जरा सैल झाली का.
लोणी तपासतोस का, ती विचारते.
काल मात्र पाय माझ्या मांडीवर तसाच ठेवून म्हणाली,
त्या रात्री तू उठला होतास चिमट्यासाठी.
मीच म्हटलं, राहू दे, बस.

मला हे आठवत नाही.
तिलाही आठवत नसावं.

खिडकीबाहेर मेंढ्या जुनिपरमधून जात होत्या,
गवत पोटाला लागेल एवढं वाढलेलं.
मी तिचे मोजे उलटे करून
शिवण न् शिवण बघितली.